पोटाची शिकवणी, मोबाइलवर

मोबाइलवर आयबीएसचा आहार शोधायला बसलं की पहिल्याच फटक्यात ज्या याद्या समोर येतात, त्यात आर्टिचोक असतो, लीक असतो, ॲस्परॅगस आणि रायचा ब्रेड असतो. हे खाऊ नका, असं बजावलेलं असतं. गिरगावातल्या किंवा लालबाग-परळच्या माणसाला हे न खाण्यात कसली अडचण? त्याच्या खाण्यात असतात कांदेपोहे, वडापाव, चवळीची उसळ, डब्यातल्या तीन पोळ्या आणि लसणाची फोडणी दिलेलं वरण. त्यांचा त्या यादीत पत्ताच नसतो. मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर दुसरी यादी पाठवतं. तिच्यात गहू, दूध, डाळी, कांदा, लसूण, फळं, सगळ्यांवरच फुली मारलेली असते. माणूस काही दिवस भात आणि उकडलेल्या बटाट्यावर काढतो, वजन घालवतो, कंटाळतो आणि पुन्हा वड्याच्या गाडीवर उभा राहतो.

या याद्या खोट्या नाहीत, अर्धवट आहेत. काय बंद करायचं ते त्या सांगतात. किती दिवस बंद करायचं, बदल्यात काय खायचं आणि परत कसं सुरू करायचं, हे शिकवावं लागतं. ते शिक्षण घरबसल्या, फोनवर आणि मराठीतून नीट देता येतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी आजाराबद्दल. इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये, म्हणजेच आयबीएसमध्ये, आतड्याच्या कामात बिघाड असतो, रचनेत तो सापडत नाही. दुर्बीण घातली, सोनोग्राफी केली, रक्त तपासलं तरी कागदावर सगळं ठीक. पोट मात्र दुखतं, फुगतं, मुरडा येतो. कधी सकाळी चार-चार वेळा जावं लागतं, कधी अर्धा तास बसूनही पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. २०१६ साली रोम निकषांची चौथी आवृत्ती आली. तिच्यानुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखत असेल आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मळाचं स्वरूप बदलण्याशी असेल (यातल्या दोन गोष्टी तरी हव्यात), तर आयबीएस म्हणता येतो. तक्रार सुरू होऊन सहा महिने झालेले असावे लागतात.

इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या कृतिगटाने २००८ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांवरची पाहणी प्रसिद्ध केली. समाजातल्या ४,५०० माणसांपैकी ४.२ टक्के जणांना आयबीएस आढळला. दवाखान्यात आलेल्या रुग्णांमध्ये मध्यमवयीन पुरुष जास्त होते. पाश्चात्त्य देशांत बायकांचं प्रमाण जास्त असतं. हा फरक ध्यानात असू द्या, स्वयंपाकघरात शिरलो की त्याचं काम पडणार आहे.

'रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणजे मनाचे खेळ आहेत,' हे या रुग्णाने घरात बऱ्याचदा ऐकलेलं असतं. तसं नाही. जेवल्यावर वायू सगळ्यांच्याच आतड्यात तयार होतो. या रुग्णाच्या आतड्याच्या नसा अधिक हळव्या असतात, त्यामुळे दुसऱ्याला कळतही नाही इतक्या ताणाने त्याला कळ येते. मेंदू आणि आतडं यांच्यात सतत निरोपांची देवाणघेवाण चाललेली असते. झोप अपुरी झाली, काळजी वाढली की कळही वाढते. जुलाब-उलट्यांचा मोठा आजार होऊन गेल्यावर साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस जडतो. हिंदमाताला वर्षानुवर्षं तुंबलेलं पाणी बघितलेल्या आणि त्यानंतर पोटाच्या साथी सोसलेल्या शहरात याची दखल घ्यायला हवी. पूर्वी अशा पुष्कळ रुग्णांवर 'जुनाट आव' असा शिक्का बसायचा आणि जंतूंवरच्या गोळ्यांचे कोर्सवर कोर्स व्हायचे.

मुंबईत या आजाराला आणखी एक पैलू आहे. चाळीत मजल्यावरच्या सामाईक संडासाबाहेर सकाळी रांग असते. मागचा माणूस कडी वाजवतो, आतल्याचं पोट त्यामुळे साफ होत नाही. मग तो लोकल पकडतो, आणि मुंबईच्या लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. दादरला उतरून धावत सुटणारे लोक मी पाहिले आहेत. 'निघण्याआधी काही खायचंच नाही' ही सवय इथूनच लागते. मग दुपारी दोन वाजता एकदम पोटभर जेवण, आणि पोट पुन्हा बिघडतं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २००८ साली आयबीएसबद्दल जो सल्ला दिला त्यात जेवण चुकवू नका, शांतपणे खा, चहा-कॉफी दिवसाला तीन कपांत ठेवा, फळं तीन वेळांपेक्षा जास्त नकोत, अशा साध्या गोष्टी आहेत. बऱ्याच जणांचं निम्मं काम एवढ्याने होतं. फॉडमॅप नावाच्या पथ्यामागे धावण्याआधी हे करून बघायला पाहिजे.

फॉडमॅप हे नाव मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून आलं. पीटर गिब्सन आणि स्यू शेपर्ड यांनी ते २००५ मध्ये मांडलं. लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या काही शर्करांचा हा गट आहे. गहू, कांदा, लसूण यांतली फ्रुक्टान, कडधान्यांतली गॅलॅक्टन, दुधातली लॅक्टोज, आंबा-मधातली जादा फ्रुक्टोज, फ्लॉवर आणि रताळ्यातली मॅनिटॉल. या शर्करा आतड्यात पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात, वायू होतो, आतडं ताणलं जातं. फ्रुक्टान आणि गॅलॅक्टन पचवणारं विकर तर कुठल्याच माणसाकडे नसतं. म्हणजे कांदा हा काही विषारी पदार्थ नाही. हळव्या आतड्याला त्याची ठरावीक मात्रा सोसत नाही, इतकंच.

आता ऑनलाइनचा मुद्दा. बेल्जियममध्ये डोमिनो नावाचा अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये 'गट' या नियतकालिकात आला. फॅमिली डॉक्टरांकडे आलेल्या ४५९ आयबीएस रुग्णांपैकी काहींना मोबाइल ॲपवरून फॉडमॅप कमी असलेला आहार शिकवला, बाकीच्यांना आतड्याची कळ कमी करणारं औषध दिलं. आठ आठवड्यांनी ॲपवाल्यांपैकी ७१ टक्क्यांना आराम पडला होता, औषधवाल्यांपैकी ६१ टक्क्यांना. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा २०२४ चा अभ्यास २९४ रुग्णांचा होता. त्यात आहाराच्या दोन्ही पद्धती औषधांपेक्षा सरस ठरल्या, चार आठवड्यांत ७६ आणि ७१ टक्के विरुद्ध ५८. लंडनच्या किंग्ज कॉलेजने गटात बसवून शिकवून पाहिलं, तर एकेकट्याला शिकवण्याइतकाच गुण आला. आपल्याकडे २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले आणि फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याला रीतसर चौकट मिळाली. ऑनलाइन शिकवणी चालेल का, हा प्रश्न माझ्या लेखी मिटला आहे. शिकवायचं काय आणि कुणी, हा खरा प्रश्न आहे.

मोनॅशने २०१२ च्या शेवटी स्वतःचं ॲप काढलं. प्रयोगशाळेत पदार्थ तपासून लाल, पिवळा, हिरवा असे दिवे दिले. त्याचं ऋण मोठंच आहे. पण परळच्या ताटात पदार्थ सुटासुटा येत नाही, तो वाटणात येतो, फोडणीत येतो. तिथे दिवा कामाचा नाही, स्वयंपाकाची समज कामाची. म्हणून थोडं चुलीजवळ बसू.

लसूण घ्या. त्यातलं फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. त्यामुळे लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तेलात लाल करून, वरण ओतायच्या आधी काढून टाकल्या, तर वास आणि चव राहते, फ्रुक्टान पाकळीबरोबर बाहेर जातं. पाकळी ठेचून घातली किंवा वरणात उकळू दिली, की सगळं पाण्यात उतरलं. असं लसणाचं तेल रोजच्या रोज करावं, बाटलीत भरून ठेवू नये, त्यात जिवाणूंचं विष होण्याचा धोका असतो. कांद्याला पर्याय पातीच्या कांद्याचा: खालचा पांढरा गड्डा टाका आणि वरची हिरवी पात बिनधास्त चिरा. पोह्यांवर ती छान लागते. पोहे तर मुळात तांदळाचे, अडचण होती ती कांद्याची.

कडधान्यं अजिबात सोडू नयेत, विशेषतः शाकाहारी घरांत. भिजवायची, ते पाणी फेकून द्यायचं, मोड आणायचे. बी रुजताना या शर्करा स्वतःच्या वाढीसाठी वापरते, त्यामुळे त्या कमी होतात. मोड आलेल्या मुगाची छोटी वाटी पुष्कळ रुग्णांना सोसते. राजमा, छोले, चवळी, वाटाणा यांची वाटी तशी सोसत नाही. बिरड्याच्या वालांना मोड आणून, सोलून मग शिजवण्याची आपली रीत अशा पोटाला धरूनच आहे, तरी वाल तो वालच, बेताने खावा. मिसळीत मात्र सगळंच एका ताटलीत येतं: कडधान्य, कच्चा कांदा, लसणाचा रस्सा, बेसनाचा फरसाण आणि वर मैद्याचा पाव. पदार्थ तात्पुरते बंद ठेवायच्या पहिल्या टप्प्यात मिसळ नाही, याला पर्याय नाही.

आणि कोकणातून गिरणगावात आलेल्या घरांनी आजीची चूल आठवावी. तांदळाची भाकरी, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, लसूण न घातलेली सोलकढी. माशात शर्करा नसतेच, तांदळात हा गट जवळजवळ नाही, ओलं खोबरं बेताचं असलं तर चालतं. ज्वारीची भाकरीही चालते. पथ्याचा स्वयंपाक म्हणजे बेचव उकडलेलं काहीतरी, ही समजूत एका दिवसात जावी असं हे जेवण आहे. तिखट मात्र हात राखून, कारण मिरचीतल्या तिखट घटकाने हळव्या नसा आणखी चाळवतात.

लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून नेणाऱ्यांची झुंबड असते. तिथे एक फरक माहीत असलेला बरा. मिरच्या, धणे आणि खडे मसाले भाजून केलेल्या मालवणी मसाल्यात सहसा कांदा-लसूण नसतो. कांदा-लसूण मसाल्यात तो भरपूर असतो, आणि भाजीत चमचाभर पडला तरी त्रास व्हायला पुरेसा होतो. आपला मसाला कुठला, हे घरातल्या जेवणाऱ्याला बऱ्याचदा ठाऊकच नसतं. हिंगाच्या डबीवरचा मजकूरही वाचावा. बाजारातल्या हिंगात डिंक आणि बहुधा गव्हाचं पीठ असतं. चिमटीभर हिंगाने आयबीएसवाल्याचं बिघडत नाही, सीलिअ‍ॅकच्या, म्हणजे गहू अजिबात न चालणाऱ्या आजाराच्या, रुग्णाचं बिघडतं.

बाहेर खायची वेळ आली तर गिरगावकरांना एक सोय आहे. भुलेश्वर, सी. पी. टँक, ठाकूरद्वार या पट्ट्यात 'जैन' म्हटलं की समोरचा कांदा-लसणाशिवाय बनवून देतो. पावभाजीच्या तव्यावरही. पाव त्यात राहतोच, पण दोन मोठे दोषी वगळले जातात. दादरच्या पोळी-भाजी केंद्रात भाकरी मिळते, ती मागायला लाजू नये. आणि कटिंग चहाबद्दल घाबरण्याचं कारण नाही. गाईच्या दुधात लॅक्टोज असते साधारण पाच टक्के. कटिंगमध्ये दूध जेमतेम चाळीस-पन्नास मिलिलिटर, म्हणजे लॅक्टोज दोन-अडीच ग्रॅम. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत सोसते. चहा सहा वेळा होत असेल तर गोष्ट वेगळी.

चोथा खा, कोंडा खा, हा सल्ला सरसकट देणाऱ्यांनी थोडं थांबावं. मँचेस्टरमध्ये १९९४ साली दिसून आलं की गव्हाच्या कोंड्याने निम्म्याहून अधिक आयबीएस रुग्णांचा त्रास उलट वाढला. पाण्यात विरघळणारा चोथा वेगळा. नेदरलँड्समधल्या २००९ च्या चाचणीत कोंड्यापेक्षा इसबगोल उपयोगी पडला, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीने २०२१ च्या मार्गदर्शनात विरघळणाऱ्या चोथ्याची शिफारस केली. आजोबा रात्री पाण्यात ढवळून घ्यायचे ते सत इसबगोल हेच. थोड्यापासून सुरुवात करावी आणि पाणी भरपूर प्यावं.

आता ती पुरुष रुग्णांची गोष्ट. पडद्यासमोर नवरा बसलेला असतो आणि फोडणी देते बायको किंवा आई. तो 'हो, हो' म्हणून फोन ठेवतो आणि रात्री नेहमीचीच आमटी जेवतो. ऑनलाइन शिकवणीचा खरा फायदा इथे आहे. ओपीडीत स्वयंपाक करणारी व्यक्ती क्वचितच सोबत येते, फोनवर ती शेजारीच असते. मिसळणाचा डबा कॅमेऱ्यासमोर धरता येतो, वाटी किती मोठी ते दाखवता येतं (एका घरातली वाटी शंभर मिलिलिटरची, दुसऱ्या घरातली दोनशेची, आणि 'एक वाटी उसळ' दोघंही लिहितात). ताटाचा फोटो रोज पाठवता येतो. खानावळीत किंवा डब्यावर जेवणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभी केली. या शहराचं पोट कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या हातच्या स्वयंपाकावर चाललं आहे. डबा करणाऱ्या बाईंना त्या फोनवर सामील करून घ्यावं. त्यांना समजावून सांगितलं की त्या लक्षात ठेवून करतात.

दहा बाय बाराच्या खोलीत सगळ्यांदेखत मळाबद्दल बोलायचं कसं, ही अडचण खरी आहे. त्यावर ब्रिस्टलचा तक्ता उपयोगी पडतो. १९९७ साली लुइस आणि हीटन यांनी मळाच्या स्वरूपाचे सात प्रकार ठरवले. १ म्हणजे सुटे कडक खडे, ३-४ म्हणजे ठीक, ७ म्हणजे पाणी. सकाळी आहारतज्ज्ञाला नुसता आकडा टाइप करायचा: '६'. घरात कुणाला काही कळत नाही, नोंद मात्र पक्की होते.

शिकवणारी व्यक्ती कोण, हे तपासून घ्या. इंडियन डायटेटिक असोसिएशन १९६३ पासून आहे आणि ती नोंदणीकृत आहारतज्ज्ञांची परीक्षा घेते. २०२१ च्या कायद्याने आहारतज्ज्ञांना संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांत स्थान दिलं. मुंबईत निर्मला निकेतन आणि एसएनडीटीसारख्या संस्थांतून हे शिक्षण मिळतं. मुंबईचेच डॉ. एफ. पी. अँटिया यांचं आहारशास्त्रावरचं इंग्रजी पुस्तक कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासलं आहे. इतकी परंपरा असताना लाखभर अनुयायी आहेत एवढ्यावर कुणाच्या हाती पोट देऊ नये.

आणि त्याहीआधी डॉक्टर. शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, ताप, रक्त कमी होणं, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, यातलं काहीही असेल तर ऑनलाइन आहाराकडे वळायचं नाही, तपासणी करायची. आपल्याकडे आतड्याचा क्षयही अशाच तक्रारींनी सुरू होतो. थायरॉइड बघून घ्यावं. आणि सीलिअ‍ॅकची रक्तचाचणी गहू खात असतानाच करावी. आधी गहू सोडला आणि मग रक्त दिलं, तर चाचणी खोटा दिलासा देते. गरोदर स्त्रिया, मुलं, वजन आधीच कमी असलेली माणसं यांनी हा आहार स्वतःच्या मनाने करू नये.

सुरुवात कधी करावी? माझं मत विचाराल तर श्रावणात. पुष्कळ मराठी घरांत चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो, नैवेद्याचा स्वयंपाक त्यांच्याशिवायच होतो. त्या महिन्यात वेगळं रांधावं लागत नाही, घरात वाद होत नाहीत. पहिला टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा असतो, श्रावण त्यात नेमका बसतो. उपासाला साबुदाण्याची खिचडी चालेल, रताळ्याचा कीस थोडकाच. चार-सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर हा आहार तुमच्यासाठी नाही. तो तिथेच सोडायचा आणि डॉक्टरांशी पुढचं बोलायचं.

फरक पडला असेल तर खरी शिकवणी आता सुरू होते, आणि याच ठिकाणी बहुतेक जण शिकवणी सोडतात. बरं वाटतंय ना, मग चालू दे असंच, म्हणून वर्षानुवर्षं कांदा-गहू-डाळीविना राहतात. त्याची किंमत पडते. किंग्ज कॉलेजमध्येच २०१२ साली दिसलं की चार आठवड्यांच्या या आहाराने आतड्यातले उपयुक्त बिफिडो जिवाणू कमी होतात, कारण त्यांचं अन्नच आपण बंद केलेलं असतं. कॅल्शियम आणि चोथा घटतो, लग्नकार्यात जेवायची भीती बसते. म्हणून दुसऱ्या टप्प्यात एकेक गट परत आणून बघायचा. तीन दिवस कांदा, पहिल्या दिवशी चमचाभर, मग दोन, मग अर्धा कांदा. आकडा आणि कळ लिहून ठेवायची. दोन-तीन दिवस विश्रांती, मग गहू. मग दूध, मग चवळी, मग आंब्याची फोड. सहा ते आठ आठवड्यांत स्वतःच्या पोटाची मर्यादा कळते. कुणाला कांदा अजिबात चालत नाही पण तीन पोळ्या चालतात, कुणाचं भांडण फक्त दुधाशी असतं. बहुतेकांना सगळं सोडावं लागत नाही.

म्हणून ऑनलाइन शिकवणी लावायची असेल, तर पैसे भरायच्या आधी आहारतज्ज्ञाला एवढंच विचारा: कांदा परत कुठल्या आठवड्यात सुरू करायचा? उत्तरात आठवड्याचा आकडा मिळाला तर नाव नोंदवा. 'आता कायमचाच बंद' असं उत्तर मिळालं, तर दुसरा आहारतज्ज्ञ शोधा.